निकेल फोमवर लोखंड बसवताना: ऑक्सिजनचा उत्प्रेरक कसा सुधारायचा

अल्कधर्मी पाण्यातून ऑक्सिजन काढायचा तर इरिडियमच्या मागे लागायची गरज नाही. निकेल-लोखंडाचं मिश्र हायड्रॉक्साइड स्वस्त आहे आणि 1 मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) इरिडियम ऑक्साइडच्या तोडीस तोड चालतं. यातली किमया लोखंडाची आहे. नुसत्या निकेलवर मिळालेला देखणा आकडा पुष्कळदा केओएचमधून नकळत शिरलेल्या लोखंडाचा असतो. डेनिस कॉरिगन यांनी हे 1987 मध्येच दाखवून दिलं होतं, तरी आजही इथेच फसगत होते. म्हणून लोखंड मोजून घाला आणि न बोलावता येणारं बाहेर ठेवा.

निकेल फोमचा (निकेलच्या सच्छिद्र जाळीचा) 1 × 3 सेंमीचा तुकडा कापा. अॅसिटोनमध्ये 10 मिनिटं सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) ठेवा, मग 3 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात 10 मिनिटं, नंतर डीआय (आयनमुक्त) पाण्याने आम्ल पूर्ण निघेपर्यंत धुवा. आम्लात जास्त वेळ राहिला तर फोमच्या काड्या झिजतात आणि चिमट्यातच तुटतात. धुतलेल्या फोमवर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच आत जिरला पाहिजे. वर गोल बसून राहिला तर तेलकटपणा शिल्लक आहे, पुन्हा धुवा. खालचा 1 सेंमी सोडून त्याच्या वरच्या भागात इपॉक्सीचा पट्टा भरा. हे टाळलं तर द्रावण वातीसारखं फोममधून वर चढतं, प्रत्यक्षात जास्त क्षेत्रफळ काम करतं आणि करंट फुगून दिसतो.

लेपासाठी 100 मिली पाण्यात निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेट 87 मिग्रॅ आणि फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट 121 मिग्रॅ विरघळवा; दोन्ही 3 मिलिमोलर होतात. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत फोम उणे 1.0 व्होल्टवर 300 सेकंद ठेवा. नायट्रेटचं क्षपण होताना फोमलगत हायड्रॉक्साइड आयन तयार होतात आणि दोन्ही धातू तिथेच साका धरतात. द्रावण ताजंच वापरा. ठेवलं की गंजट गढूळ होतं, म्हणजे लोखंड लेपात न जाता द्रावणातच साकळू लागलंय. लेप पाण्याने हलकेच धुवून हवेत वाळवा.

प्रमाण सुधारताना एकूण धातू 6 मिलिमोलरच ठेवा आणि लोखंड 0, 1, 2, 3 असं वाढवत जा. लेपात साधारण 15 ते 25 टक्के लोखंड सर्वांत उपयोगी ठरतं. त्यापलीकडे लोखंडाची वेगळी, वीज नीट न वाहणारी प्रावस्था सुटते. द्रावणातलं प्रमाण म्हणजे लेपातलं प्रमाण नव्हे. लेप आम्लात विरघळवून आयसीपीवर (धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) तपासाच.

शून्य लोखंडाचा नमुना खरोखर शून्य हवा असेल तर केओएच शुद्ध करा. 99.999 टक्के शुद्धतेचं निकेल नायट्रेट 2 ग्रॅम घेऊन केओएचने त्याचं हायड्रॉक्साइड पाडा, तीनदा धुवा, त्यात 50 मिली केओएच घालून 10 मिनिटं हलवा, काही तास ठेवा आणि सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण ओतून घ्या. निकेल हायड्रॉक्साइड लोखंड शोषून घेतं. भांडी पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉनचीच वापरा. काच केओएचमध्ये झिजते आणि तिच्यातलं लोखंड द्रावणात उतरतं.

मोजणीला संदर्भ म्हणून मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड इलेक्ट्रोड घ्या. सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडचा विभव केओएचमध्ये हळूहळू सरकतो. द्रावणाचा रोध दरवेळी मोजा. 1 ओहम रोध असेल तर 100 मिलिअँपिअरला 100 मिलिव्होल्टची चूक होते, आणि चांगल्या-वाईट उत्प्रेरकातला फरक अनेकदा तेवढाही नसतो. निकेलच्या ऑक्सिडेशनचं शिखर आरएचईच्या (हायड्रोजन संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत 1.35 ते 1.4 व्होल्टच्या आसपास येतं आणि ऑक्सिजनच्या सुरुवातीत मिसळतं. विभव चढवत नेतानाच्या स्वीपमधला 10 मिलिअँपिअरचा आकडा म्हणूनच दगा देतो. स्थिर करंट लावून 10, 50, 100 असे टप्पे घ्या.

तासन्‌तास चालवल्यावर विभव चढत गेला तर आधी फोममध्ये अडकलेले बुडबुडे पाहा, फोमला हलकी टिचकी मारा. विभव लगेच खाली आला तर दोष बुडबुड्यांचा. नाही आला तर लोखंड सुटून द्रावणात जातंय. केओएचमध्ये 1 पीपीएमहूनही (दहा लाखांत एका भागाहूनही) कमी लोखंड टाकल्याने ते परत लेपावर बसू शकतं.

शेवटी वायूच मोजा. 100 मिलिअँपिअरने एका तासात, 25 अंश सेल्सिअसला, साधारण 22.8 मिली कोरडा ऑक्सिजन निघाला पाहिजे. मोजणीआधी केओएच ऑक्सिजनने संपृक्त करा आणि दोन्ही इलेक्ट्रोड पडद्याने वेगळे ठेवा. नाहीतर ऑक्सिजन कॅथोडवर जाऊन खर्च होतो, शिवाय हायड्रोजनशी मिसळून स्फोटाचा धोका होतो. एवढं करूनही वायू कमी भरला तर गळती तपासा. गळती नसेल तर करंटचा काही भाग फोमच्याच ऑक्सिडेशनमध्ये जातोय.