ऑटोमॅटिक गाडीखालचा लाल डाग: गळती शोधताना या चुका टाळा

जुनी ऑटोमॅटिक गाडी पार्किंगमध्ये लालसर थेंब टाकायला लागली की गॅरेजमध्ये पहिला बळी जातो तो चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाला असलेल्या तेलाच्या भांड्याच्या, पॅकिंगचा. पॅकिंग बदलतात, बिल होतं आणि थोड्याच दिवसांत डाग पुन्हा त्याच जागी दिसतो. पॅकिंग बिचारं अनेकदा निर्दोष असतं. गळती वर कुठेतरी असते, तेल ओघळत सगळ्यात खालच्या कडेला येतं आणि तिथून ठिबकतं. गाडी चालू असताना वारा ते आणखी मागे ढकलतो. इंजिनखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर तेल त्यात साचून भलतीकडूनच बाहेर येतं. म्हणून डाग कुठे पडला यापेक्षा तो कधी पडतो, हे आधी पाहायला हवं.

‘कधी’ हे न विचारणं

गाडी बंद झाली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलाच्या मदतीने गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) काही तेल हळूहळू खाली उतरतं आणि चेंबरमधली पातळी चालू गाडीपेक्षा वर चढते. रोज वापरताना जमीन कोरडी, पण चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की थारोळं, असं होत असेल तर संशय वरच्या जागांवर घ्या. डिपस्टिकच्या नळीचा ओ-रिंग (रबरी कडं), गिअर सिलेक्टरच्या दांड्याचं सील, वायरिंगच्या कनेक्टरचा ओ-रिंग या त्या जागा. चालू गाडीत तिथे तेल पोचतच नाही, म्हणून मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून कितीही बॅटरी मारली तरी त्याला काही दिसणार नाही.

याच्या उलट, इंजिन चालू असतानाच ठिबकत असेल तर तो दाबाचा मामला आहे. गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे जाणारे कूलरचे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प आधी बघा. जुन्या गाडीत रबर कडक होऊन चिरतं, आणि आपल्याकडे उंदीरही ते आवडीने कुरतडतात. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या बेल हाउसिंगच्या तळातून लाल तेल येत असेल तर पुढच्या पंपाचं किंवा कन्व्हर्टरचं सील गेलेलं असू शकतं. तिथूनच काळं तेल आलं तर ते इंजिनच्या मागच्या सीलचं असण्याची शक्यता जास्त. दोन्ही कामांना गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय हो म्हणू नका.

फक्त घाट चढून आल्यावरच ओलं दिसतं? मग तेल जास्त भरलेलं आहे का ते तपासा. पातळी जास्त झाली की फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो आणि तो ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा जाण्याच्या नळीतून, बाहेर पडतो. इथे सील बदलण्याची गरजच नसते.

रंगावर निकाल देणं

ऑटोमॅटिकचं तेल, म्हणजे एटीएफ, बहुधा लाल असतं. पण जुनं झालं की तपकिरी होतं आणि फार तापलं असेल तर जळका वास येतो. जुन्या कोरोलाचा कूलंटही लाल असतो आणि अनेक जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्येही एटीएफच भरलेलं असतं. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या पट्ट्याच्या ऑटोमॅटिकचं, तेल काही कंपन्यांचं हिरवट निघतं. म्हणून थेंब बोटांत चोळून बघा. एटीएफ बुळबुळीत लागतं. कूलंट पाण्यासारखा पातळ असतो आणि त्याला गोडसर वास येतो. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणेने आखा. पावसाळ्यात हे छपराखालीच करा. एसीचं स्वच्छ पाणी दिसलं तर घाबरू नका.

सेलेरिओसारख्या एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रच बदलतं अशा) गाड्यांना यातलं बरंच लागू नाही. त्यांचा मूळ गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो.

न धुता शोधणं

पंधरा वर्षांच्या धुळीच्या थरावर नवा ओघळ ओळखू येत नाही. गिअरबॉक्स डीग्रीझरने पुसून कोरडा करा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, गाडी थोडी फिरवून आणा आणि मग रॅम्पवर घ्या. पावडरीवर सगळ्यात वरची ओली रेघ जिथे सुरू होते, तिथे तुमचा चोर असतो. प्रेशर वॉशरचा फवारा मात्र ब्रीदर आणि कनेक्टरवर मारू नका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

बोल्ट आवळणं, सिलिकॉन फासणं

चेंबरचे बोल्ट लहान असतात. बहुतेक गाड्यांत त्यांना 10 न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो. लांब पान्याने जोर लावला की पत्रा बोल्टभोवती वाकतो, पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि गळती वाढते. सिलिकॉनची ट्यूब रिकामी करणं त्याहून वाईट, कारण आत सुटलेले तुकडे फिल्टरवर जाऊन बसतात. गळती थांबवण्याच्या बाटल्या रबर फुगवतात. कडक झालेल्या सीलला त्याने काही दिवस आराम पडतो, पण फाटलेल्या सीलला काहीच होत नाही.

चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचं सील बदलताना शाफ्टवर चर पडली आहे का ते बघायला सांगा. चर असेल तर नवं सीलही टिकणार नाही.

पातळी चुकीच्या पद्धतीने मोजणं

बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवून, ‘पी’मध्ये आणून डिपस्टिक काढतात. होंडाच्या अनेक ऑटोमॅटिकमध्ये मात्र गाडी गरम करून, इंजिन बंद करून, 60 ते 90 सेकंदांत बघायचं असतं. होंडाची पद्धत इतर गाड्यांना लावली तर तेल जास्त दिसेल. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे ठरावीक तापमानाला प्लगमधून पातळी पाहतात, आणि ते काम जाणकारावरच सोपवा. टॉप-अपसाठी ‘कुठलंही लाल ऑइल’ चालत नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलाच ग्रेड घ्या, सीव्हीटीला तर सीव्हीटीचंच.

एक प्रकार होंडावाल्यांनी लक्षात ठेवावा. ऑइल बदलताना इंजिनऐवजी गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग उघडला जातो. एटीएफ निघून जातं आणि इंजिनमध्ये दुप्पट ऑइल पडतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच गाडी ओढेनाशी झाली, जमिनीवर थेंबही नाही, तर दोन्ही डिपस्टिक बघा. तोवर इंजिन चालू करू नका.

न दिसणारी गळती

पातळी उतरते, खाली डाग नाही. अशा वेळी रेडिएटरचं झाकण गार झाल्यावर उघडा. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून फुटला की कूलंट आणि एटीएफ एकमेकांत मिसळून स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसतं. कूलंट गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटवरचं अस्तर सोडवतो, त्यामुळे ‘घरी पोचू आणि मग बघू’ हा विचारही करू नका. गाडी तिथेच बंद करा आणि दोरीने ओढून न नेता फ्लॅटबेडवर चढवा. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आणि पुढची चाकं जमिनीवर फिरत राहिली तर गिअरबॉक्स आतून कोरडा घासला जातो.