ब्रम्बी बघायचे असतील तर लपू नका

ऑस्ट्रेलियातल्या रानटी घोड्यांना ब्रम्बी म्हणतात. घोडा या खंडावर आला १७८८ साली, ब्रिटिशांच्या पहिल्या ताफ्याबरोबर. पुढे कुंपण मोडून पळालेले आणि मालकांनीच मोकळे सोडलेले घोडे रानात वाढत गेले. ते मूळचे पाळीव आहेत, पण पिढ्यान्‌पिढ्या माणसाने त्यांच्यामागे दोर, कुत्री, सापळे आणि बंदुका लावल्यामुळे माणूस टाळण्यात ते पटाईत झालेत. माथेरानच्या घोड्याजवळ जाऊन मानेवर थाप मारायची सवय असेल तर ती घरीच ठेवून या.

सिडनी, कॅनबरा, मेलबर्नला राहणाऱ्यांसाठी किंवा तिकडे मुलांकडे गेलेल्यांसाठी सोयीची जागा म्हणजे न्यू साउथ वेल्समधलं कॉझिअस्को राष्ट्रीय उद्यान, त्यातही उत्तरेकडचा भाग. खालची माहिती मुख्यतः त्याच भागाची आहे.

जागा आणि वेळ

कूमाहून ॲडमिनबीमार्गे कियँड्राकडे जाणारा स्नोई माउंटन्स हायवे धरा. कियँड्रा ओलांडून ट्युमटच्या दिशेने पुढे गेलं की उजवीकडे लाँग प्लेन रोड फुटतो. लाँग प्लेन, करँगो प्लेन आणि कूलमन प्लेन ही बाराशे ते चौदाशे मीटर उंचीवरची गवताळ मैदानं. थंड हवा उतारावरून ओघळून या सखल भागात साचते, त्या गारठ्यात झाडांची रोपं तग धरत नाहीत. म्हणून मैदान मोकळं आणि कडेच्या चढावर स्नो गम निलगिरींची रांग, अशी रचना सगळीकडे दिसते. घोड्यांचा दिवस याच दोन जागांत जातो: उघड्यावर चरायचं आणि संशय आला की झाडीत शिरायचं.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. घोडीचे दिवस साधारण अकरा महिन्यांनी भरतात आणि बहुतेक शिंगरं वसंत ऋतूत, उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मतात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कळपात लहान पायांची गर्दी असते. लाँग प्लेन रोड हिवाळ्यात, जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बंद असतो. त्या महिन्यांत उद्यानात शिरणाऱ्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीत बर्फाच्या साखळ्या ठेवणंही सक्तीचं आहे.

डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास उजाडतं. तेव्हा तुम्ही मैदानाच्या कडेला पोचलेले हवेत, म्हणजे मुक्काम जवळच करायला हवा. पहिले दोन-तीन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास कामाचे. भर दुपारी कळप झाडीच्या सावलीत माश्या वारत उभा असतो. दुर्बिणीतून मैदान रिकामं दिसतं आणि लोक परत जातात. अशा वेळी मैदान सोडून झाडीची किनार तपासा. खोडांच्या उभ्या रेषांमध्ये पाठीची आडवी रेष किंवा हलणारं शेपूट आधी दिसतं, पूर्ण घोडा नंतर.

निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावरच्या सूचना वाचा. घोड्यांची संख्या कमी करण्याचं काम चालू असताना मोठे भाग पर्यटकांसाठी बंद ठेवतात. २०२२ च्या हवाई मोजणीत अंदाज १८,८१४ घोड्यांचा होता. २०२१ च्या आराखड्यानुसार जून २०२७ पर्यंत ही संख्या ३,००० वर आणायची आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी मिळाली. तेव्हा चार-पाच वर्षांपूर्वीचे व्हिडिओ बघून ‘रस्त्यालाच शेकडो दिसतात’ अशा भरवशावर जाऊ नका. आता शोधावं लागतं.

खुणा

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे लीद. नर घोडा ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लीद टाकतो, त्याचे ढीग होतात. हे ढीग बहुधा पायवाटांच्या मिलनावर सापडतात, आणि तिथून जाणारा प्रत्येक नर थांबून हुंगतो व आपली भर घालतो. ढिगाचा वरचा थर काडीने उकरा. ओला, हिरवट आणि चकाकता असेल तर घोडे काही तासांपूर्वी इथे होते. वरून खपली धरलेली पण आत ओल असेल तर काल-परवाचे. आतपर्यंत वाळून भुरी पडली असेल तर ती वाट सोडा. चौकोनी ठोकळ्यांसारखी विष्ठा दिसली तर ती वॉम्बॅटची, तिच्यावर वेळ घालवू नका.

ठशांत गोंधळ हरणांशी होत नाही, कारण हरणांचे आणि गुरांचे खूर दुभंगलेले असतात. गोंधळ होतो तो स्वारांच्या घोड्यांशी. या भागात काही वाटांवर घोडेस्वारीला परवानगी आहे. नाल मारलेल्या खुराची कड चिखलात कापल्यासारखी धारदार उमटते. ब्रम्बीच्या खुराची कड बोथट, थोडी झिजलेली, आणि मध्ये तळव्याचा ‘व्ही’ आकार स्पष्ट. ठसे सलग, सारख्या अंतरावर असतील तर घोडे चालत गेले. ठशांचे पुंजके लांब लांब पडलेत आणि मागे मातीची ढेकळं उडालीत, तर ते चौखूर पळाले. असे ताजे ठसे दिसले तर माग काढू नका. ज्याला घाबरून पळाले त्याच्यानंतर लगेच तुम्ही पोचलात तर ते दुसरी दरी गाठतात आणि तो दिवस गेला.

पाणवठ्यावर दबा धरायची कल्पना सगळ्यांना सुचते. कॉझिअस्कोत ती फुकट जाते, कारण तिथे दर दोन-तीनशे पावलांवर ओढा नाहीतर दलदल आहे. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गोष्ट वेगळी. तिथे गळ्यात जीपीएस बांधलेले रानघोडे दिवसाला सरासरी १६ किलोमीटर चालताना आढळलेत, पाण्यापासून ५५ किलोमीटरपर्यंत लांब चरायला जाताना आणि दोन ते चार दिवसांनी एकदा पाण्यावर येताना. तिथे पाणवठा हीच जागा खरी, पण तो प्रदेश नवख्याने एकट्याने फिरायचा नव्हे.

वारा

घोड्याला नुसत्या वासानेही माणूस कळतो. माणूस दिसत नाही पण वास येतोय, ही त्याच्या लेखी सगळ्यात वाईट परिस्थिती, आणि अशा वेळी तो शहानिशा करायला थांबत नाही. डोंगराळ भागात वाऱ्याचं एक वेळापत्रक असतं. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन तापलं की नऊ-दहाच्या पुढे तीच उलटी, खालून वर जाते. म्हणून पहाटे कळपाच्या खालच्या बाजूने जा आणि ऊन चढल्यावर वरच्या बाजूने. मधला तास-दीड तास वारा भोवंडतो, तेव्हा जागचे हलू नका. चिमूटभर टाल्कम पावडर हवेत सोडली की दिशा कळते. वाळकं गवत चुरून सोडलं तरी चालतं.

वारा आडवा असेल तर उत्तम: वास त्यांच्याकडे जात नाही आणि तुम्ही मात्र त्यांना दिसता.

जवळ जाताना

दिसणं आवश्यक आहे, आणि इथेच शिकारकथा वाचून आलेले चुकतात. झाडामागून झाडामागे वाकून सरकणारं, मध्येच गोठून उभं राहणारं, थेट डोळे रोखणारं जनावर म्हणजे शिकारी. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्याला जवळजवळ ३५० अंशांचं दिसतं. पाठीमागचा अरुंद पट्टा आणि कपाळासमोरची थोडी जागा सोडली तर तुमची लपाछपी त्याला सगळी दिसत असते. लपणाऱ्याला तो पळून उत्तर देतो. उघड्यावरून निवांत, तिरकं चालणाऱ्याकडे बराच वेळ बघत उभा राहतो.

आधी चार-पाचशे मीटरवर थांबून दुर्बिणीने कळप वाचा. साधी ८×४२ दुर्बीण पुरते. साधारण एक नर, काही घोड्या आणि त्यांची पिल्लं अशी टोळी असते. नुसत्या तरुण नरांच्याही टोळ्या असतात. नर बहुतेकदा कडेला किंवा मागे. धोका वाटला की वाट एखादी जाणती घोडी दाखवते आणि नर मागून टोळी रेटतो. ही घोडी कोणती ते ओळखा, कारण तिचे कान हाच तुमचा इशारा. मग त्यांची पळायची वाट शोधा, म्हणजे सर्वांत जवळची झाडी. कळप आणि ती झाडी यांच्या मध्ये कधीही येऊ नका. वाट मोकळी आहे हे माहीत असलेला घोडा घाई करत नाही.

यानंतर चाला ते सरळ त्यांच्याकडे नाही, तर त्यांच्या बाजूने निघून जाणार असल्यासारखं. वीस-पंचवीस पावलं, मग दोन मिनिटं थांबणं, नजर खाली किंवा बाजूला. चरता चरता एखादं डोकं वर आलं तर चिंता नाही. सगळी डोकी वर आणि सगळे कान एका दिशेला, तर थांबा. पुन्हा चरायला लागेपर्यंत पाऊल टाकू नका, मग त्याला दहा मिनिटं लागोत. जोरात फुरफुर ऐकू आली तर वीस पावलं मागे. नर चार पावलं पुढे येऊन उभा राहिला तर अंगाची बाजू त्याच्याकडे करा आणि सावकाश लांब जा. तो अनेकदा अर्धवर्तुळ घेऊन तुमच्या वाऱ्याच्या बाजूला येतो आणि वास घेऊन खात्री करतो. घेऊ द्या. खात्री झाल्यावर टोळी गेली तर गेली. तिच्यामागे धावणं म्हणजे पुढच्या माणसासाठी ती टोळी बिघडवणं.

आमच्या मते शंभर मीटर हे अंतर पुरेसं, लहान शिंगरं असतील तर दीडशे. फोटोसाठी ४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर त्याहून जवळ जायचं कारणच नाही. बसायचं असेल तर ते बघत असताना, सुरुवातीलाच बसा. उभी असलेली आकृती मध्येच गवतात बुडाली की घोडे बिथरतात. तरुण नरांच्या टोळीतला एखादा आगाऊ कुतूहलाने फारच जवळ येतो. त्याला चुचकारू नका, उभे राहून मागे सरा.

चार-पाच जण असाल तर एकत्र, घोळक्याने चाला. प्रत्येकजण वेगळ्या कोनातून फोटो घ्यायला पसरला की ती रांग घोड्यांना हाक्यासारखी दिसते, आणि घोडेस्वारांनी असेच हाके घालून त्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेलं आहे.

कपड्यांच्या रंगाची फार फिकीर नको. घोड्याला निळा-पिवळा फरक कळतो, लाल-हिरव्यात तो गोंधळतो, तेव्हा लाल टोपी चालते. करकरणारं रेनकोटचं कापड, वाऱ्यावर फडफडणारा पट्टा आणि चालताना वाजणाऱ्या किल्ल्या यांनी मात्र घात होतो.

करू नये ते

सफरचंद, गाजर, मीठ काहीही देऊ नका. घोडे पकडायच्या सापळ्यांत मिठाचे ठोकळे, काकवी आणि लसूणघासच आमिष म्हणून ठेवतात. माणसाच्या वासाबरोबर खाणं मिळतं हे घोड्याला शिकवणं म्हणजे त्याला सापळ्यात ढकलणं. राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेता येत नाही. परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि या घोड्यांना डोक्यावरच्या घरघरीचा अर्थ शिकवायलाही नको.

टोळी पळाली आणि शिंगरू मागे राहिलं तर त्याला ‘वाचवायला’ जाऊ नका. तुम्ही लांब गेलात की आई परत येते, उभे राहिलात की येत नाही.

घोडे दलदलीतून गेले तरी तुम्ही जाऊ नका. या स्फॅग्नम शेवाळाच्या दलदली पाणी धरून ठेवतात आणि कॉरोबरी बेडकासारखे दुर्मीळ जीव त्यांत राहतात. इथल्या मूळच्या प्राण्यांपैकी एकालाही टणक खूर नाही. घोड्यांच्या टापांनी काठ ढासळतात, शेवाळ तुडवलं जातं. घोडे ठेवावेत की काढावेत हा तिथला कडवट वाद आहे आणि दोन्ही बाजूंनी मनापासून बोलणारी माणसं आहेत. घोडे कितीही देखणे वाटले, तरी दलदलींची नासाडी डोळ्यांनी दिसते, ती नाकारण्यात अर्थ नाही.

दक्षिणेकडे, जिंडबाइनहून निघणाऱ्या बॅरी वेच्या परिसरातही घोडे आहेत. तिथला मुलूख चढउतारांचा आणि दाट झाडीचा. अंतरं कमी, पण दृष्टीही कमी. अवचित गाठ पडते आणि क्षणात संपते. पहिल्या खेपेला उत्तरच बरी.

सोबत काय

कूमा किंवा ट्युमटला टाकी भरून घ्या. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून ऑफलाइन नकाशा आणि उपग्रहाद्वारे मदत मागणारं पीएलबी जवळ ठेवा. न्यू साउथ वेल्समध्ये ते उद्यान खात्याकडून आणि पोलिसांकडून फुकट वापरायला मिळतं. जानेवारीतही रात्री दहिवर गोठू शकतं, तेव्हा गरम कपडे हवेतच. गवतात साप असतात. घोट्यावर चढणारे बूट आणि दाबपट्टी घ्या.

संध्याकाळचं बघणं संपलं की परतीची घाई करू नका. कियँड्राच्या आसपास घोडे डांबरी रस्त्यावर येतात. काळ्या-तपकिरी अंगाचा घोडा दिव्यांच्या झोतात फार उशिरा दिसतो, आणि त्याचे पाय लांब असल्याने धडकेत धड थेट काचेवर येतं. तिथे अंधारात ६० च्या वर जाऊ नका. एक घोडा रस्ता ओलांडून गेला तर थांबा, मागून टोळी येत असते.