क्लायंट आपल्याला काम का देतो? सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

हिंजवडीत पहिल्या प्रोजेक्टवर रुजू झाले तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की आपण स्वस्त पडतो म्हणून अमेरिकेतल्या कंपन्या इकडे काम देतात. पगारातला फरक हे कारण खरंच आहे. पण तेवढंच धरून बसलात, तर क्लायंटला नक्की काय हवंय ते कळणार नाही.

आमचा क्लायंट विमा कंपनी. दिवसभराचे हप्ते आणि दावे यांचा हिशेब लावणारी बॅच, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या प्रोग्राम्सची (जॉब्सची) रांग, न्यूयॉर्कच्या मध्यरात्री सुरू व्हायची, म्हणजे आपल्या सकाळी साडेनऊला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. तिथे त्यासाठी रात्रपाळी लावावी लागली असती, इथे मी नाश्ता करून बसलेली असायचे. एकदा सव्वाअकराला एक जॉब अबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला. एरर होता सॉक-सेव्हन (S0C7), म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही. आकड्यांच्या फील्डमध्ये नुसत्या स्पेसेस आल्या होत्या. ते रेकॉर्ड बाजूला काढलं, जॉब रीस्टार्ट केला, आणि तिकडची माणसं उठायच्या आत बॅच संपली.

वेळेतला हा फरक एक कारण. दुसरं कारण केटीत (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आधीच्या माणसाकडून काम समजून घेताना) कळलं. त्या बॅचमधला, कोबोल या जुन्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आले होते आणि त्यांची जागा घ्यायला तिथे कुणी मिळत नव्हतं.

आणि प्रत्येक वेळी काम परदेशातच जातं असंही नाही. कोडॅकने १९८९ मध्ये आपल्या डेटा सेंटरचं काम आयबीएमकडे सोपवलं, दोन्ही कंपन्या अमेरिकेतल्याच. काम दुसऱ्या कंपनीला देणं म्हणजे आउटसोर्सिंग, दुसऱ्या देशात नेणं म्हणजे ऑफशोरिंग. परदेशी बँकेने पुण्यात स्वतःचं जीसीसी (ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर, म्हणजे स्वतःच्याच कंपनीचं काम करणारं केंद्र) काढलं, तर ते ऑफशोर झालं, आउटसोर्स नाही. इंटरव्ह्यूत इथे फार जण गडबडतात.

दिलेलं काम परतही जातं. जनरल मोटर्सने २०१२ मध्ये बाहेर दिलेलं बहुतेक आयटी काम पुन्हा स्वतःकडे घ्यायचं ठरवलं. माझ्या पाहण्यात तरी, टीमला प्रोग्राम कळतो पण त्यामागचा धंदा कळत नाही, तिथे क्लायंटचं मन आधी उडतं.

म्हणून केटीत जॉब कसा चालवायचा एवढंच लिहून घेऊ नका. तो अडकला तर कुणाचं काय अडतं, हेही विचारा. मी त्या गृहस्थांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘हा संपल्याशिवाय दाव्यांचे चेक छापायला जात नाहीत.’ रनबुकात, म्हणजे जॉब कसा चालवायचा ते लिहिलेल्या वहीत, ही ओळ नव्हती. मी ती सगळ्यात वर घातली.