'नेट गेलं' म्हणून राउटरला टाचणी टोचू नका

मे महिन्यात गुहागरच्या एका होमस्टेवाल्या काकूंचा फोन. "अरे, नवीन आलेल्या पाहुण्यांना नेट लागत नाही. डोकं खाताहेत माझं. टाचणीने ते मागचं बटण दाबलं, तर आता कुणालाच लागत नाही!"

राउटर बंद-चालू करणं वेगळं आणि टाचणीने रिसेट करणं वेगळं. रिसेट केलं की राउटरची पाटी कोरी होते. वायफायचं नाव-पासवर्ड जातोच, पण बऱ्याच जोडण्यांत कंपनीने दिलेलं पीपीपीओई (कंपनीच्या नेटवर्कमध्ये लॉगिन करायचं) युजरनेम आणि पासवर्डही पुसला जातो, आणि तो नसेल तर राउटर कंपनीच्या दारातच अडतो. काकूंनी तो गॅसच्या पुस्तकात मागच्या पानावर लिहून ठेवला होता म्हणून निभावलं. तुम्हीही लिहून ठेवा. बंद-चालूच करायचं असेल तर भिंतीवरचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा, एवढंच.

नेट आलं, मी चहा पिऊन निघालो. आठवड्याने पुन्हा तोच फोन: आधीच्या पाहुण्यांचं चालू, नवीन आलेल्यांचं बंद. या वेळी एका पाहुण्याच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाकून बघितलं. आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला त्या लॅपटॉपचा नंबर, १६९.२५४ ने सुरू होत होता. विंडोजच्या लॅपटॉपवर हा आकडा दिसला की समजावं, राउटरकडून नंबर मिळालेला नाही, लॅपटॉपने आपला आपणच घेतलाय.

घरातल्या प्रत्येक फोनला असा नंबर लागतो आणि तो वाटायचं काम डीएचसीपी करतं. काकूंचा राउटर १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१४९ एवढेच, म्हणजे ५० नंबर वाटत होता. दिलेला नंबर राखून ठेवायची मुदत, म्हणजे लीज, होती सात दिवसांची. पाहुणा रविवारी पुण्याला पोचला तरी त्याचा नंबर इकडे अडकलेलाच. सहा खोल्या, माणशी दीड-दोन उपकरणं, दोन दिवसांआड नवी माणसं. ५० नंबर पुरणार कसे? माझ्या पहिल्या फेरीत रिसेटने यादी रिकामी झाली म्हणून दुखणं बरं झाल्यासारखं वाटलं, इतकंच. लीज दोन तासांवर आणली, नंबर १९२.१६८.१.१० ते १९२.१६८.१.२५० पर्यंत वाढवले, तेव्हा कुठे सीझन निघाला.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून जरा लाजतच सांगतो. आमचं घर चिऱ्याचं. माजघरातल्या राउटरचं वायफाय ओटीवर पोचेना; जाड चिऱ्यापुढे वायफायचं ५ गिगाहर्ट्झचं सिग्नल तर लगेच मान टाकतं, २.४ थोडं तरी पलीकडे जातं. मी अडगळीतला जुना राउटर काढून ओटीवर लावला. झालं, अर्ध्या घराचं नेट गेलं. दोन्ही राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होते आणि दोघेही नंबर वाटत होते. एका वाडीत दोन पोस्टमन, दोघांकडे वेगळी यादी! जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, त्याचं डीएचसीपी बंद करायचं आणि माजघरातल्या राउटरकडून आलेली वायर वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) नव्हे, लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) भोकात घालायची. हे कळायला मला एक अख्खा रविवार लागला.

वायफायची पूर्ण कांडी दिसते, पण साइट उघडत नाही, अशा वेळी कंपनीला शिव्या घालण्याआधी लॅपटॉपवर तीन पिंग मारा, म्हणजे त्याच कमांड प्रॉम्प्टवर ping आणि पुढे पत्ता टाकून समोरून उत्तर येतं का बघा. आधी १९२.१६८.१.१, म्हणजे आपला राउटर (कुणाकडे हा पत्ता वेगळा असतो, आयपीकॉन्फिगमध्ये डीफॉल्ट गेटवेपुढे दिसेल). मग ८.८.८.८, म्हणजे बाहेर इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर. मग एखाद्या साइटचं नाव. पहिल्यालाच उत्तर नाही, तर घोळ घरातला. पहिलं जमतं, दुसरं नाही, तर बहुधा बाहेरचा. दोन्ही जमतात पण नाव चालत नाही, तर डीएनएस आजारी आहे. नावावरून आयपी शोधून देणारी ती डिरेक्टरी. राउटरमध्ये तिच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून बघा.

फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर मात्र सेटिंग उघडूच नका. फायबरमधून प्रकाश येत नाहीये. पावसात झावळी पडून वायर तुटते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खिळ्याला गुंडाळलेली किंवा खिडकीच्या फटीत चेपलेली वायरही तेच करते. आत काच आहे, फार वाकवली की प्रकाश वाटेतच गळतो. वेटोळं मोठं ठेवा.

१०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला १२ एमबीनेच होतं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी: एमबीपीएस बिटमध्ये, फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटचे बिट आठ. आठाने भागा. फसवणूक नाही.

आणि आगरातून पलीकडच्या खोल्यांपर्यंत तांब्याची लॅन वायर ओढू नका. १०० मीटरची मर्यादा तर आहेच, पण मेअखेरीला आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात तेव्हा त्या वायरीवाटे दोन्हीकडची उपकरणं जळू शकतात. तिथे फायबरच टाका. घरात गडगडाट ऐकू आला की ॲडॅप्टर आणि लॅनची वायर दोन्ही उपटून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.