पोटातल्या बाळाची पॅटर्निटी टेस्ट: सॅम्पल कसं देतात

आईचं साधं ब्लड सॅम्पल, हातातूनच, कारण बाळाचा थोडा डीएनए आईच्या रक्तात फिरत असतो, पण सात-आठ आठवडे व्हायच्या आत घाई नको. खरी काळजी बाबाच्या स्वॅबची, म्हणजे गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्याची. तासभर आधी खाणं, चहा, सिगारेट, तंबाखू बंद, मग चूळ भरायची आणि गालाच्या आतून काडी गोल फिरवत नीट घासायची, नुसती थुंकी लावून भागत नाही! टोकाला बोट लावू नका, हवेत सुकू द्या, कागदी पाकिटातच ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल राहून बुरशी धरते. कोर्टासाठी हवी असेल तर घरी घेतलेला स्वॅब चालत नाही. आणि हो, हे परदेशातल्यांसाठी, भारतात पीसीपीएनडीटी कायद्यात (गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा) गर्भचाचणीच्या परवानगीच्या कारणांत पितृत्व नाही, इथे बाळ झाल्यावरच.