सफरचंदाची पाने गळताना: पुढच्या वर्षीच्या रोगाचा बंदोबस्त

परसातल्या सफरचंदाची फळे उतरली की झाडाकडे पुन्हा लक्ष जाते ते थेट फुले आल्यावर. रोगाच्या दृष्टीने मधले हेच महिने मोलाचे आहेत. पाने गळून संपण्याआधी एकदा झाडाखाली उभे राहून पाने, फळे आणि साल नीट न्याहाळा. रोग ओळखल्याशिवाय फवारणीचा पंप उचलू नका.

पानावर हिरवट-काळपट मखमली डाग आणि फळावर खरखरीत काळ्या खपल्या दिसत असतील, कधी खपलीजवळ फळ तडकलेलेही असेल, तर तो स्कॅब. ही बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते. नवी पालवी फुटताना पाऊस पडला की त्या पानांतून बीजाणू उडतात, आणि १६ ते २४ अंश तापमानात पान साधारण ९ तास ओले राहिले की लागण होते. त्यामुळे झाडाखालची पाने झाडून खोल पुरणे किंवा चांगल्या तापणाऱ्या कंपोस्टच्या मध्यभागी घालणे हा स्कॅबवरचा पहिला उपाय, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. सगळी पाने वेचणे जमत नसेल तर पानगळ सुरू झाल्यावर ५ टक्के युरिया, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, झाडावरच्या आणि खाली पडलेल्या पानांवर फवारा. पाने लवकर कुजतात आणि बुरशीचा आसरा जातो. पाने हिरवीगार असताना मात्र ही घाई नको. नत्र मिळून झाड पुन्हा फुटले तर कोवळे शेंडे थंडीत मरतात.

भुरी, म्हणजे पांढरी पूड धरणारी बुरशी, हिची तऱ्हा वेगळी. तिला ओले पान लागत नाही, कोरड्या उबदार हवेतही ती पसरते, आणि हिवाळा पानांत नव्हे तर फांदीवरच्या डोळ्यांत (न उमललेल्या अंकुरांत) काढते. म्हणून नुसत्या झाडलोटीने ती जात नाही. छाटणीच्या वेळी चंदेरी-राखाडी दिसणारे शेंडे निरोगी डोळ्यापर्यंत कापा. वसंतात पांढरी पूड धरलेला फुटवा दिसला की तो लगेच खुडून टाका.

फांदीवर सुकून काळी पडलेली फळे लटकत असतील तर तीही आताच काढा. तपकिरी कूज झालेल्या फळावर फिकट पुटकुळ्यांची गोल वलये उठतात. ही बुरशी पक्ष्यांच्या चोचीने किंवा अळीने पडलेल्या जखमेतून आत शिरते आणि सुकलेल्या फळात वर्षभर तग धरते.

फांदीची साल खचून वलयांसारखी फाटली असेल तर तो खैरा (कँकर). कोरड्या दिवशी निरोगी, फिकट लाकूड दिसेपर्यंत तेवढा भाग कापून काढा. मुळाशी पाणी साचत असेल तर तेही काढून द्या. शेंडा जळाल्यासारखा काळा पडून छत्रीच्या दांडीसारखा वाकला असेल तर तो फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग असू शकतो. दिसणाऱ्या रोगाच्या किमान ३० सेंटिमीटर खाली कापा आणि प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नाहीतर तीच रोग पसरवील.

फळाच्या सालीखाली बारीक, कडवट तपकिरी खड्डे असतील तर बुरशीनाशक मारून काहीही होणार नाही. तो कॅल्शियम कमी पोचल्याचा परिणाम आहे. नत्र कमी करा आणि फळे वाढताना पाणी नियमित द्या. सालीवरचा काजळीसारखा थर ओल्या फडक्याने चोळून निघत असेल तर चिंता नको, ते फळ खुशाल खा.

खैऱ्यासाठी पाने पूर्ण गळल्यावर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारता येते: लिटरला १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा. फुले उमलल्यावर मात्र बोर्डो नको, फळांची साल खरखरीत तांबूस होते.