बाळाच्या लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन : आधीच्या तपासण्यांमध्ये या चुका टाळा

गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्याहून बाळाला घेऊन मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी गाठायचं म्हणजे रात्र प्रवासात जाते, दिवस रांगेत जातो आणि आईबाबांचा रोजगार बुडतो. एवढं करून तपासणी अर्धवट झाली, तर ऑपरेशन लांबतं आणि तोवर किडनीची हानी चालू राहू शकते.

सर्वांत जास्त फसगत होते ती पहिल्या सोनोग्राफीत. पोटात असताना बाळाच्या किडनीला सूज (लघवी साठून आलेला फुगवटा) दिसलेली असते. जन्माच्या दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी होते, ‘नॉर्मल’ येते आणि फाइल कपाटात जाते. पण पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवीच कमी होते, त्यामुळे असलेली सूजही लपते. म्हणून सोनोग्राफी ४८ तास उलटल्यावर करावी आणि ती चांगली आली तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करावी. मात्र दोन्ही किडन्यांना सूज असेल, किडनी एकच असेल, किंवा मुलगा असून लघवीची पिशवी फुगलेली आणि धार थेंब थेंब असेल, तर ४८ तास थांबू नका. मुलाच्या मूत्रनलिकेत (पिशवीतून लघवी बाहेर येण्याच्या नळीत) जन्मजात पडदा असू शकतो आणि तिथे प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

दुसरी तपासणी एमसीयू, म्हणजे नळीने लघवीच्या पिशवीत एक्सरेत दिसणारं औषध भरून काढलेला एक्सरे. लघवीत जंतुसंसर्ग असताना ती केली तर जंतू थेट किडनीपर्यंत चढू शकतात, म्हणून आधी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) करून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिक चुकवू नका. मूल शू करत असतानाचा फोटो नसेल, तर या तपासणीतलं मुख्य उत्तरच हाती येत नाही. मूत्रनलिकेतला पडदा तेव्हाच नीट दिसतो आणि लघवी किडनीकडे उलटी चढणं कित्येकदा त्याच क्षणी दिसतं. पिशवी पुरेशी भरायलाही हवी : वर्षावरील मुलांसाठी वयात दोन मिळवून तीसने गुणायचं. चार वर्षांच्या मुलाला साधारण १८० मिली. एक्सरेच्या खोलीतून निघण्यापूर्वी ‘शू करतानाचा फोटो आला ना?’ हे विचारायला संकोच नको. तो तुमच्या मुलाचा हक्क आहे.

किडनीच्या दोन स्कॅनमध्ये घोळ होतो. डीएमएसए किडनीवरचे व्रण दाखवतो. तापाच्या संसर्गानंतर लगेच केला तर ताजी सूजही व्रणासारखी दिसते, म्हणून चार ते सहा महिने थांबतात. डीटीपीए किंवा ईसी स्कॅन लघवी पुढे सरकते की अडते ते सांगतो. रात्रभर गाडीत उलट्या करत आलेल्या, पाणी न प्यायलेल्या मुलात निचरा मंद दिसून नसलेला अडथळा वाटू शकतो. शक्य असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा, मुलाला भरपूर पाणी पाजा.

दुर्बिणीची तपासणी, म्हणजे लघवीचा मार्ग दुर्बिणीने आतून पाहणं, लहान मुलांत भूल देऊनच होते. उपाशी ठेवण्याच्या नियमात आपल्याकडे चूक होते ती पेजेची. पेज पातळ असली तरी ते अन्नच, तिला सहा तासांचा नियम. गाईचं दूधही सहा तास आधी, आईचं दूध चार, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत; अंतिम शब्द भूलतज्ज्ञांचा. पडदा दिसला तर त्याच वेळी काढणार का, हेही आधीच विचारून संमती द्या. मुलीत लघवी, योनी आणि शौचाचा मार्ग एकच असेल (क्लोएका), तर त्या सामाईक मार्गाची लांबी दुर्बिणीतून मोजतात. ती तीन सेंटिमीटरहून जास्त असेल तर ऑपरेशन जास्त अवघड होतं.

मुलाची गोटी (वृषण) हाताला लागत नसेल तर सोनोग्राफीवर सोनोग्राफी करण्यात वेळ घालवू नका. ती नसल्याचं सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. सहा महिन्यांचं बाळ झालं की बालशल्यचिकित्सकाला दाखवा. सीटी ‘मोठी तपासणी’ म्हणून स्वतःहून मागू नका, तिच्यात किरणोत्सर्ग बराच असतो.

फिल्म आणि सीडी मूळच्याच न्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून मोजमाप होत नाही. पावसात जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. आणि एमसीयूनंतर दोन-तीन दिवसांत ताप आला, तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री जवळच्या रुग्णालयात न्या. ‘नळी घातली होती’ हे वाक्य तिथल्या डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.